सायटेशन मोजू नका, उघडून वाचा

पहिला संशोधन-पेपर छापून आल्यावर कितीतरी महिने मी रोज सकाळी आधी गुगल स्कॉलर उघडायचे. सायटेशनचा आकडा, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात माझ्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला तो, वाढला की दिवस चांगला जायचा. एका संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "आता यातला एकेक पेपर उघड. तुझा संदर्भ नेमका कुठल्या वाक्याला दिलाय ते शोध."

दोन तास लागले. बहुतेकांनी प्रस्तावनेतल्या एखाद्या सर्वसाधारण वाक्यापुढे, आणखी चार-पाच संदर्भांच्या सोबत माझं नाव टाकलं होतं. एकाच गटाने आमची पद्धत खरोखर वापरली होती. आम्ही ऊतींचे तुकडे टिकवण्यासाठी फॉर्मलिन या द्रावणात रात्रभर ठेवायचो, त्यांनी ती वेळ बरीच कमी केली. आम्हाला फक्त पेशीद्रव्यात दिसलेलं प्रथिन त्यांना केंद्रकातही दिसलं. फॉर्मलिनमध्ये नमुना जास्त वेळ राहिला की अँटिबॉडी (प्रथिन शोधायला वापरतो ते रेणू) जिथे चिकटते ती जागा झाकली जाऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलं होतं; स्वतःच्या स्लाइडवर ताडून पाहिलं नव्हतं. माझा पुढचा पेपर त्यांच्या पेपरमधल्या त्या एका परिच्छेदातून निघाला.

आकडे समजून घ्यायलाच हवेत, कारण निवड समित्या ते बघतात. एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाचे पेपर आणि सायटेशन एकाच आकड्यात सांगणारं माप, 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी मांडला. समजा, तुमच्या सहा पेपरना अनुक्रमे 40, 12, 9, 4, 3 आणि 1 सायटेशन आहेत. निदान चार सायटेशन असलेले पेपर चार आहेत, पण निदान पाच असलेले पाच नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरची 40 ची 400 झाली तरी तो 4 च राहतो. शिवाय तो कधी कमी होत नाही, त्यामुळे नवख्याची तुलना वीस वर्षं काम केलेल्या माणसाशी या आकड्यावर करणं अन्यायाचंच आहे. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसवर तो कमी आणि स्कॉलरवर जास्त दिसला तर घाबरू नका. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांनी तपासण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं. अर्जात आकडा देताना तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा.

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुमचा नाही. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. थोड्याच लेखांना भरपूर सायटेशन मिळून ती सरासरी वर जाते. व्यक्तीचं मूल्यमापन त्यावरून करू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने 2013 पासून स्पष्ट म्हटलं आहे.

आणि सगळ्यात जास्त सायटेशन म्हणजे सगळ्यात मोठा शोध, असंही नाही. लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा पेपर प्रथिन मोजण्याच्या एका पद्धतीचा आहे. त्याची सायटेशन तीन लाखांवर गेली, कारण ती पद्धत प्रयोगशाळेत रोज लागायची. माझ्या मनात अशा पद्धतीच्या पेपरांबद्दल फार आदर आहे.

नावाचं मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. माझे सुरुवातीचे दोन पेपर वेगवेगळ्या आद्याक्षरांनी छापले गेले आणि पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर मी दोन माणसं झाले. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख) सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, तो प्रत्येक पेपर पाठवताना द्या. लेखकांचा क्रमही प्रयोग सुरू होण्याआधी बोलून घ्या आणि मेलवर लिहून ठेवा. एका पेपरमध्ये निम्मे प्रयोग माझे असताना माझं नाव आभारात गेलं. मी आधी विचारलंच नव्हतं, आणि छापून आल्यावर काही करता आलं नाही.

आता अर्ज भरताना मी पाचच पेपर निवडते आणि प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिते: कोणी, कशासाठी वापरला, आणि त्यात काय बदललं. केंद्रकात दिसलेल्या त्या प्रथिनाचा पेपर सगळ्यात वर असतो. त्याची सायटेशन पाचांत सगळ्यात कमी आहेत.