स्ट्रटची स्प्रिंग दाबताना या चुका टाळा

शॉकअप बदलायला स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा जोड, गाडीतून सुटून बाहेर आला की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. वरच्या टोकाला मधोमध एक नट दिसतो आणि हात आपोआप त्याच्याकडे वळतो. या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच.

चाक उचललेलं आहे, गाडीचं वजन स्प्रिंगवर नाही, म्हणजे स्प्रिंग सैल असणार, असा समज सहज होतो. पण स्प्रिंग मुळात दाबूनच बसवलेली असते. शॉकअपचा रॉड पूर्ण बाहेर आला तरी ती दाबलेलीच राहते आणि तिला अडवून धरणारी वस्तू एकच, तो मधला नट. म्हणून स्प्रिंगवर कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावून नटावरचा ताण पूर्ण उतरत नाही, तोवर त्या नटाला पाना लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत स्ट्रटचा वरचा माउंट बॉडीला दोन-तीन छोट्या नटांनी जोडलेला असतो. स्ट्रट काढताना फक्त तेच खोलायचे. बॉडीशी जोडणी मधल्याच नटाने असेल, तर त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ताकद किती असते याचा अंदाज घ्या. १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात अशी स्प्रिंग धरा. ती १२० मिलिमीटर दाबली की ३,००० न्यूटनने, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने उलट ढकलते. तिच्यात साठलेली ऊर्जा १८० ज्यूल होते. १८ किलोचं वजन १ मीटर उंचीवरून पडावं तेवढी. शिवाय स्प्रिंग दुप्पट दाबली की जोर दुप्पट होतो, पण साठलेली ऊर्जा चौपट. गरजेपेक्षा जास्त दाबणं ही चूक का, ते इथेच कळतं.

कॉम्प्रेसर लावतानाच्या चुका

घरच्या कामात बहुतेक जण दोन आकड्यांचे (हुकांचे) सुटे कॉम्प्रेसर वापरतात. एक लांब आट्यांचा बोल्ट, वर एक आकडा, खाली एक आकडा, असे दोन संच. ते स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर बसले पाहिजेत. स्ट्रटच्या पत्र्याची अडचण होते म्हणून दोन्ही थोडे एकाच बाजूला सरकवले, की स्प्रिंग सरळ न दबता धनुष्यासारखी बाहेर वाकते. वाकलेल्या बाजूकडे आकडे घसरू लागतात, आणि एक निसटला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

दुसरी चूक मोजकीच वेटोळी पकडण्याची. वरचा आकडा जमेल तितका वर आणि खालचा जमेल तितका खाली लावा, दोघांच्या मध्ये जास्तीत जास्त वेटोळी यायला हवीत. दोनच वेटोळी पकडली तर ती एकमेकांना टेकतात, तरी उरलेल्या स्प्रिंगचा ताण उतरत नाही. आकड्याला सुरक्षा पिन असेल तर ती लावाच. तार तेलकट असेल तर आधी पुसून घ्या. ग्रीस बोल्टच्या आट्यांना हवं, आकड्यांना नाही. आणि आकड्यांच्या कडांनी तारेचा रंग खरवडू देऊ नका. उघड्या पडलेल्या धातूला गंज धरतो आणि पुढे स्प्रिंग तिथूनच तुटू शकते.

बोल्ट फिरवायचा तो हाताच्या पान्याने. इम्पॅक्ट गनने (नट-बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) आटे तापून खरवडले जातात, आणि एक बाजू किती पुढे गेली ते कळेपर्यंत उशीर होतो. डावीकडे दोन फेरे, उजवीकडे दोन फेरे, दर वेळी थांबून दोन्हीकडची उंची डोळ्यांनी जुळवायची. हे कंटाळवाणं आहे, पण या कामात खरी मेहनत इथेच करायची. तोंड आणि छाती स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत कधीही येऊ देऊ नका. स्ट्रट वाइसमध्ये पकडणार असाल तर खालच्या ब्रॅकेटवर पकडा, नळीवर नको. नळी चेपली की नवा शॉकअपही वाया गेला.

स्प्रिंग वाकताना दिसली, आकडा तारेवरून सरकताना दिसला, किंवा कडकड आवाज आला तर ‘अजून एकच फेरा’ म्हणू नका. मधला नट अजून जागेवर आहे, म्हणजे स्प्रिंग कुठे जाणार नाही. दोन्ही बोल्ट आलटून पालटून सैल करा, कॉम्प्रेसर काढा, पुन्हा नीट लावा. चूक सुधारायची ती नट असेपर्यंतच.

किती दाबायची?

इतकीच, की स्प्रिंग वरच्या किंवा खालच्या बैठकीवरून (ती टेकते त्या जागेवरून) सुटावी आणि हाताने थोडी हलावी. ती हलली म्हणजे नटावर ताण उरला नाही. वेटोळी एकमेकांना चिकटेपर्यंत दाबायची गरज नसते.

नट काढताना रॉड सोबत फिरतो. तेव्हा पक्कडीने रॉड धरण्याचा मोह होतो, आणि नवा शॉकअप महिनाभरात तेल गाळायला लागण्याचं हे एक ठरलेलं कारण. रॉडच्या चकचकीत पृष्ठभागावर एक ओरखडा उठला तरी तो दर हेलकाव्याला सील कापत राहतो. रॉडच्या टोकाला अ‍ॅलन कीची खाच किंवा चपटी बाजू दिलेली असते, तिथेच धरा.

नट काढण्याआधी नवा शॉकअप शेजारी तयार ठेवा. नट निघाला की स्प्रिंग फक्त कॉम्प्रेसरच्या भरवशावर असते. अशी स्प्रिंग उचलून फिरवू नका, आपटू नका, रात्रभर तशीच ठेवू नका.

जोडल्यावर येणाऱ्या तक्रारी

खोलण्याआधी माउंट, स्प्रिंगचं टोक आणि खालचा ब्रॅकेट यांवर एका रेषेत रंगाची खूण केली असेल, तर पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत.

स्टीअरिंग वळवताना ‘टण्ण’ असा आवाज येत असेल, तर बहुधा स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलेलं नाही. वळताना स्प्रिंग पिळली जाते आणि अचानक सुटते. वरच्या माउंटजवळचं बेअरिंग उलटं बसलं किंवा अडकलं तरी असंच होतं. तेव्हा स्टीअरिंग जडही लागतं आणि वळणानंतर आपसूक परत येत नाही. छोट्या खड्ड्यांवर खटखट होत असेल तर मधला नट आणि वरचा माउंट तपासा. नट नवा वापरा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच (फिरवण्याच्या जोराइतकाच) टॉर्क रेंचने आवळा. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर स्प्रिंग वर-खाली उलटी बसली नाही ना, ते पाहा. यातल्या बहुतेक दुरुस्त्यांसाठी स्प्रिंग पुन्हा दाबावी लागते, तेव्हाही क्रम तोच.

स्ट्रटचे खालचे बोल्ट सुटले की चाकाचा कोन बदलतो, म्हणून व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

काही स्प्रिंगा घरी दाबू नयेत असं माझं ठाम मत आहे. तुटलेली स्प्रिंग आकड्यांना धड धरता येत नाही. मधे फुगीर, टोकांना निमुळती असलेली स्प्रिंगही साध्या आकड्यांत बसत नाही. तिला प्लेटचा कॉम्प्रेसर लागतो. अशा वेळी स्ट्रट बाहेर काढून तेवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या, किंवा स्प्रिंग आणि माउंटसकट जोडलेला तयार स्ट्रट मिळत असेल तर तोच घ्या. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी तयार स्ट्रटच सुचवेन.

भाड्याने किंवा उसना आणलेला कॉम्प्रेसर लावण्याआधी बोल्ट सपाट जमिनीवर घरंगळवून पाहा. डगमगला तर तो वाकलेला आहे. आटे झिजलेले किंवा आकड्यावर बारीक तडा दिसला, तरी तो संच परत करा.