काळ्या लोकरीचं सूत, घरच्या घरी

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, आमच्या फलटणजवळच्या शेतात बसला की मी आधी जाऊन सांगून येते, “मामा, मेंढरं भादराल तेव्हा हाक मारा.” वर्षातून दोनदा भादरतात. लोकरीला आता गिऱ्हाईक नाही, पुष्कळदा ती बांधावरच पडून राहते. तरी मी फुकट आणत नाही. पैसे दिले की पुढच्या वेळी मामा मेंढरं आधी ओढ्यात धुऊन घेतात, आणि माझं निम्मं काम वाचतं.

मऊपणाच्या मागे लागू नका. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. तिचा स्वेटर केलात तर दिवसभर मान खाजवत बसाल. आसनाला, पिशवीला, पायपुसण्याला मात्र तीच हवी, आणि रंगवायची गरजच नाही. मऊ हवीच असेल तर जावळ मागा, म्हणजे कोकराची पहिली लोकर. शिकण्यापुरती अर्धा किलो बास.

आणली की जुन्या चादरीवर पसरा. शेणानं चिकटलेले गुंते झाडाच्या आळ्यात टाका, ओल धरून ठेवतात. कुसळं आणि गोखरू हातानंच वेचावे लागतात. हे काम मी टीव्हीसमोर करते, घरचे नाक मुरडतात.

धुवायला दहा-बारा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळा. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम. लोकर त्यात दाबून अर्धा तास नुसती ठेवा; चोळू नका, ढवळू नका. खळबळायचं पाणीही तितकंच गरम असू द्या. पहिल्या वर्षी मी घाईनं सगळी वॉशिंग मशीनमध्ये फिरवली आणि न मागता जेन, म्हणजे लोकर घट्ट चिकटून झालेलं जाड कापड, तयार झालं! कुत्रं अजून त्यावर झोपतं. लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात, ते कायमचेच. धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, लोकर सावलीत.

पिंजायला मी कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश वापरते. तंतू सुटे आणि एका दिशेला झाले की हलक्या हातानं पेळू, म्हणजे कातायला घ्यायची सैल लांबट वळी, वळा.

आता चाती, म्हणजे सूत कातायची हातातली फिरकी. वीतभर लांब बांबूची काडी, वरच्या टोकाला खाच, खाली वजनाला करवंटीची गोल चकती. काडीला हातभर दोरा बांधून त्याचं सुटं टोक पेळूच्या तंतूंत मिसळा. चाती एकाच दिशेनं फिरवा, मग गुडघ्यांत धरून थांबवा. डाव्या हातात पेळू, त्याखाली उजव्या हाताची चिमूट. पेळू जरासा वर ओढा, तंतू विरळ झाले की चिमूट वर सरकवा, पीळ मागोमाग चढतो. चिमूट सुटून पीळ पेळूत शिरला की झालंच गाठोडं. हातभर सूत झालं की काडीवर गुंडाळा. न थांबवता कातणं आठवड्याभरात जमतं.

गल्लीतल्या सणगर, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या समाजातल्या, आजींनी माझं पहिलं सूत बोटांवर घेऊन विचारलं होतं, “बाई, हे सूत हाय का समईची वात?” मग स्वतःच दाखवलं: आधी ओढ, मग पीळ. मी उलटं करत होते.

सूत सैल सोडल्यावर स्वतःभोवती वेटोळं घेतं का ते पाहा. नाही घेतलं तर पीळ कमी आहे. दोन गुंड्यांची सुतं एकत्र धरून चाती उलट दिशेनं फिरवली की दुपदरी, बळकट सूत मिळतं. त्याची लडी करून कोमट पाण्यात भिजवा, पिळून न काढता टांगून वाळवा, पीळ बसतो. ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते.

माझ्या अर्ध्या किलोचं साडेतीनशे ग्रॅम सूत झालं, एका आसनापुरतं. मागावर विणायचं असेल तर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावावी लागते. ते काम मी अजून आजींवरच सोपवते.