चिनी माणसाचे रोजचे जगणे जवळून कसे पाहावे

चीनच्या संस्कृतीची ओढ असलेला परदेशी माणूस पहिल्या प्रवासात बहुधा महाभिंत, बीजिंगचा राजवाडा आणि शीआनची मातीची सेना पाहून परततो. ही स्थळे पाहण्यासारखीच आहेत. परंतु ज्यांना तेथील सामान्य माणसाच्या दिनक्रमाविषयी आदर वाटतो, आणि मला तो मनापासून वाटतो, त्यांनी प्रवासाची आखणी वेगळ्या रीतीने करावी. तीन-चार शहरांत धावपळ करण्यापेक्षा एकाच शहरात आठ-दहा दिवस मुक्काम करावा, जवळचे एक सार्वजनिक उद्यान निवडावे आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी तेथे जावे. उद्यानात येणारी मंडळी रोजचीच असतात, त्यामुळे चार-पाच दिवसांत तेच चेहरे मान हलवून ओळख देऊ लागतात आणि बाकावर सरकून जागाही करून देतात.

व्यवहाराची तयारी थोडक्यात सांगतो. भाजीवाल्यापासून चहाघरापर्यंत सर्वत्र क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देण्याची पद्धत असल्यामुळे निघण्यापूर्वीच अलीपे किंवा वीचॅट हे पैसे देण्याचे ॲप फोनवर घेऊन त्याला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडावे आणि अडीनडीला थोडे युआन रोख ठेवावेत. रेल्वेचे तिकीट पासपोर्टवरच निघते, म्हणून तो सतत जवळ बाळगावा. हॉटेलात उतरल्यास आपली नोंद हॉटेल करते. पण ओळखीच्या माणसाच्या घरी राहणार असाल तर २४ तासांच्या आत पोलीस चौकीत जाऊन ती स्वतः करावी लागते. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील साध्या नेटवर्कवर चालत नाहीत, तेव्हा घरच्यांशी बोलण्याची सोय आधीच लावून ठेवावी.

भाषेला मात्र अधिक वेळ द्यावा, आणि मराठी माणसाने तर तिची धास्ती मुळीच घेऊ नये. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत १९५८ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यातील बी, डी, जी ही अक्षरे इंग्रजीसारखी न वाचता जवळपास आपल्या प, त, क यांसारखी म्हणायची असतात, तर पी, टी, के यांचे उच्चार श्वासासह, म्हणजे ओठ मिटून केलेला फ, थ आणि ख असे होतात. जे म्हणजे ‘चहा’तला च, क्यू म्हणजे छ आणि झेड म्हणजे ‘चाक’मधला च. युरोपीय विद्यार्थ्यांना ज्या भेदासाठी कान तयार करावा लागतो, तो आपल्या वर्णमालेत आधीपासून आहे; ‘बीजिंग’पेक्षा ‘पेइचिंग’ हा उच्चार मूळच्या जवळचा का, हेही यातून कळते. खरी मेहनत चार सुरांची आहे. उंच, सपाट सुरात ‘मा’ म्हणजे आई आणि खाली उतरून वर येणाऱ्या सुरात ‘मा’ म्हणजे घोडा. म्हणून कोणताही शब्द सुरासकटच पाठ करावा.

पहिल्या आठवड्यापुरते मोजके शब्द पुरतात. वडीलधाऱ्या माणसाला ‘नी हाओ’ऐवजी ‘निन हाओ’ म्हणावे. ‘निन’ हे आदरार्थी रूप बीजिंगमध्ये विशेष ऐकू येते. आईच्या वयाच्या बाईंना ‘आयी’, म्हणजे मावशी, आणि वाहनचालकाला किंवा कारागिराला ‘शिफू’ अशी हाक मारावी. जुन्या वस्तीत एखाद्या आजींनी ‘छ्र ल मा?’ असे विचारले तर ते जेवणाचे आमंत्रण समजू नये. आपल्या ‘झालं का जेवण?’ यासारखीच ती विचारपूस असते आणि ‘छ्र ल’, म्हणजे ‘झाले’, एवढे उत्तर तिला पुरते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत रुग्णांची सेवा करता करता चिनी बोलायला शिकले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव यिनह्वा. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. शीच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मारकात डॉ. कोटणीसांची समाधी आहे आणि सवड असल्यास तेथे अवश्य जाऊन यावे.

आता उद्यानाकडे वळू. बीजिंगमध्ये राहणार असाल तर स्वर्गमंदिराचे उद्यान निवडावे. १४२० मध्ये बांधून झालेल्या या परिसरात मिंग आणि चिंग घराण्यांचे सम्राट चांगल्या पिकासाठी प्रार्थना करीत. आज सकाळी सहापासून तेथे निवृत्त मंडळींचे राज्य असते. उद्यानप्रवेशाचे साधे तिकीट आणि आतील वास्तूंसह मिळणारे तिकीट वेगवेगळे असते. रोज जायचे असल्यास साधे तिकीट घ्यावे. कोणी ताय-ची हा संथ हालचालींचा व्यायाम करतात, कोणी पत्ते खेळतात, कोणी एकत्र गातात, तर कोणी पिसे लावलेले फूल पायाने उडवत गोल करून उभे असतात. ताय-चीच्या गटात मधे शिरू नये. मागच्या रांगेत उभे राहून हालचाली अनुकरणाने कराव्यात, चुकत असेल तर शेजारचे कोणीतरी कोपराला हात लावून दुरुस्त करते. फूल उडवणाऱ्यांच्या कडेला थोडा वेळ थांबले की ते बहुधा आपल्याकडेही येते.

माझा सर्वाधिक वेळ पाण्याने अक्षरे लिहिणाऱ्यांपाशी जातो. कमरेएवढ्या दांड्याला स्पंजचे टोक लावलेला कुंचला पाण्यात बुडवून हे लोक फरशीवर लिहितात: एका फरशीवर एक अक्षर, आणि लिहिणारा एकेक पाऊल मागे सरकत जातो. उन्हाळ्यात शेवटची ओळ पुरी होईपर्यंत पहिली वाळलेली असते. ओल्या अक्षरांवर पाय पडणार नाही असे बाजूला उभे राहून फटकाऱ्यांचा क्रम पाहावा. साधारणपणे तो वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जातो, आणि अनेक फटकाऱ्यांच्या अखेरीस कुंचला क्षणभर दाबून मग उचललेला दिसतो. बघता बघता कुंचला आपल्या हाती दिला जाण्याची शक्यता असते, म्हणून ‘योंग’ हे एक अक्षर घरूनच गिरवून जावे. त्याचा अर्थ ‘चिरंतन’ असा आहे आणि सुलेखनातील आठ मूलभूत फटकारे त्या एकाच अक्षरात येत असल्यामुळे विद्यार्थी शतकानुशतके ते गिरवत आले आहेत. कुंचला दोन्ही हातांनी घ्यावा.

झाडाखालच्या चिनी बुद्धिबळापाशी मात्र तोंड बंद ठेवावे. या पटाच्या मधोमध नदी असते, सोंगट्या घरांत न ठेवता रेषांच्या छेदांवर ठेवतात आणि हत्ती नदी ओलांडू शकत नाही, एवढे माहीत असले तरी डाव समजू लागतो. डाव पाहून गप्प राहतो तोच खरा सज्जन, अशी म्हण तेथे प्रचलित आहे. भोवतालचे शेजारी ती सर्रास मोडतात, पण पाहुण्याने पाळावी.

दुपार कशी घालवावी हे चेंगडूकडून शिकावे. संपूर्ण चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालत असल्याने या पश्चिमेकडील शहरात घड्याळाच्या मानाने सूर्य उशिरा उगवतो आणि दिवसही सावकाश सुरू होतो. तेथील जनता उद्यानात १९२३ पासून चालत आलेले हमिंग नावाचे चहाघर आहे. बांबूच्या खुर्चीत बसून ‘काय्वान’ मागवावे: बशी, वाटी आणि झाकण, म्हणजे अनुक्रमे पृथ्वी, माणूस आणि आकाश. बशीसकट वाटी उचलावी, झाकणाच्या कडेने पाने मागे सारावीत आणि झाकणाच्या फटीतून घोट घ्यावा. पाणी संपले की झाकण वाटीला तिरके टेकवून ठेवावे, वाढपी येऊन गरम पाणी ओततो. एका वाटीवर अख्खी दुपार बसले तरी कोणी उठवत नाही. ग्वांगतोंग प्रांतात कोणी चहा ओतला तर आभार म्हणून दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात. गरम पाण्याला चीनमध्ये सर्वत्र मान आहे. रेल्वेच्या डब्यातही त्याची सोय असते, म्हणून थर्मास जवळ ठेवावा.

जेवणाच्या गोल टेबलावर दाराकडे तोंड असलेली जागा मुख्य पाहुण्याची असते. यजमान सांगेपर्यंत कोठेही बसू नये. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. शाकाहारी माणसाने ‘वो छ्र सू’ असे सांगावे; तरीही मांसाचे पाणी वापरले आहे का, हे वेगळे विचारावे लागते, आणि त्या दृष्टीने बौद्ध पद्धतीची शाकाहारी उपाहारगृहे निर्धोक असतात. आपल्या चिनी बोलण्याचे कौतुक झाले तर ‘नाली, नाली’, म्हणजे ‘छे, कुठलं काय’, असे नम्रपणे म्हणावे.

निघण्याच्या आदल्या सकाळी उद्यानातील मंडळींना तसे सांगून ठेवावे आणि वीचॅटवर संपर्क जोडावा, म्हणजे काढलेली छायाचित्रे पाठवता येतात. भेट द्यायची असल्यास घड्याळ टाळावे, कारण ‘घड्याळ देणे’ हे शब्द अंत्यकाळी सोबत करण्याच्या शब्दांसारखे ऐकू येतात. चारच्या संख्येत काही देऊ नये, कारण ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो. आपल्याकडचा खाऊ उत्तम. तो दोन्ही हातांनी पुढे करावा. समोरचा माणूस एकदोनदा नको म्हणेल, तरी पुन्हा आग्रह करावा. घेतलेली भेट पाहुण्यासमोर न उघडण्याची रीत असल्यामुळे ती तशीच पिशवीत ठेवली गेली तर आवडली नाही असे समजू नये.