गाडीच्या रंगावरचे गोलाकार ओरखडे कमी खर्चात कसे काढावेत

रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गडद रंगाची गाडी उभी केली की बोनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारखे गोल जाळे दिसू लागते. यालाच ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. हे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात, परंतु प्रकाशाला आडवे पडलेले तेवढेच चमकत असल्यामुळे वर्तुळाचा भास होतो. ते रंगावरच्या ‘क्लिअर कोट’ नावाच्या पारदर्शक थरात असतात. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो आणि प्रत्येक पॉलिशमध्ये तो थोडा झिजतो, म्हणून घाई करू नये.

ओरखड्यांचे कारण बहुतेक वेळा घरातच असते. नाशिकमध्ये सोसायटीच्या आवारात पहाटे एकाच बादलीतल्या पाण्याने आणि एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात, आणि मुंबई-आग्रा महामार्गावरची धूळ त्या फडक्यात अडकून पुढच्या गाडीवर घासली जाते. मी स्वतः तीन वर्षे कोरड्या झटकणीने गाडी झटकत होतो. ही सवय सुटली नाही तर पॉलिशवर केलेला खर्च महिन्याभरात वाया जातो.

काम सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावे. नाशिकच्या हिवाळ्यातली सकाळ यासाठी उत्तम. आधी दोन बादल्या घ्याव्यात, एकीत कार शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा, टपापासून सुरुवात करून चिखलाचा खालचा भाग शेवटी धुवावा. बोअरचे पाणी असेल तर गाडी लगेच टिपून घ्यावी, नाहीतर क्षारांचे डाग बसतात. त्यानंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तो हात पत्र्यावरून हलकेच फिरवावा; खरखर जाणवली तर शाम्पूचे पाणी भरपूर शिंपडत क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवावा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा, कारण त्यात चिकटलेली वाळू नवे ओरखडे पाडते.

आता मोबाइलच्या टॉर्चने पाहावे. ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने जात नाही, त्याला हात लावू नये. प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात; कडांवर थर सर्वांत पातळ असतो.

संपूर्ण गाडीला भिडण्याआधी बोनेटच्या कोपऱ्यात सुमारे दोन फूट चौरसावर चाचणी घ्यावी. सुरुवात सर्वांत बारीक पॉलिशने करावी आणि तेवढ्याने भागले नाही तरच कंपाउंडकडे, म्हणजे अधिक खरखरीत पॉलिशकडे, वळावे. हाताने करायचे असल्यास फोमच्या पॅडवर पॉलिशचे चार-पाच वाटाण्याएवढे थेंब घेऊन, आधीची रेघ अर्धी झाकली जाईल अशा सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांत मध्यम दाबाने फिरवावे. हाताने जाळे पूर्ण जाईलच असे नाही, पण ते बरेच मंदावते, आणि नवशिक्याने तेवढ्यावर समाधान मानावे. मशीन घ्यायचेच असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे ज्याचे पॅड गोल फिरता फिरता डोलतेही असे मशीन, घ्यावा किंवा मित्राचा मागून आणावा. ड्रिलला पॅड जोडण्याचा मोह टाळावा, कारण एकाच जागी फिरणारे पॅड उष्णता साठवते आणि क्षणात थर जाळते. मशीनचे पॅड पत्र्यावर पूर्ण टेकलेले ठेवून ते सावकाश, चार ते सहा फेऱ्यांत फिरवावे.

पत्र्याचा प्रत्येक तुकडा झाला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून, पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढावा आणि मगच टॉर्च मारावा. पॉलिशमधले तेल ओरखडे तात्पुरते भरून काढते, त्यामुळे न पुसता पाहिलेली चमक फसवी ठरते. पॅडमध्ये साचलेली भुकटी ब्रशने झाडून पुढच्या तुकड्याकडे वळावे.

शेवटी वॅक्स किंवा सीलंटचा (कृत्रिम संरक्षक लेपाचा) अगदी पातळ हात द्यावा. सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांना विनंती करून रोजचे पुसणे थांबवावे आणि आठवड्यातून एकदा, आधी पाण्याची धार मारून धूळ सोडवून, दोन बादल्यांनी गाडी स्वतः धुवावी.