कैलास लेणं दुपारनंतर पाहा

वास्तुविशारद म्हणून माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे वेरूळचं कैलास लेणं, क्रमांक 16. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. दुपारी 3 नंतर ऊन समोरून येतं आणि कोरीवकामाचे बारकावे उठून दिसतात. बाजूची पायवाट खुली असेल तर आधी डोंगरावर चढा. अख्खं मंदिर कळसाकडून पायाकडे कसं कोरत नेलं, ते वरून बघितल्यावरच खरं उमगतं. (कड्याशी मुलांचा हात सोडू नका.) वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. दोन्ही करायची तर छत्रपती संभाजीनगरात मुक्काम ठेवून बुधवार-गुरुवार गाठा. अजिंठा तिथून सुमारे 100 किलोमीटर, त्याला पूर्ण दिवस द्या.