सनस्क्रीन नीट कसं लावायचं, आणि उन्हात काय घालायचं

सनस्क्रीन सगळेच घेतात पण लावतात वाटाण्याएवढं, मग म्हणतात काही फरकच पडत नाही. तर दोन बोटांवर लांब रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला पुरतं, एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, बाटलीवर लिहिलेला असतो) ३० किंवा त्याच्या वरचं घ्या, बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि कान विसरू नका (मी दरवेळी विसरते, मग भाजतात). दर २ तासांनी परत, पोहलात किंवा खूप घाम आला तर लगेच. मेकअप त्याच्यावरून. कपडे सैल, कॉटन नाहीतर लिननचे, लिनन चुरगळतं ते चुरगळू दे, इस्त्रीच्या नादी लागू नका. आणि ढगाळ आहे म्हणून सुट्टी नाही हं, अतिनील किरणं ढगातूनही येतात.