कलप सोडल्यानंतरची दोन वर्षं

सोळा वर्षं मी दर तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी कलप लावत आले. २०२१ च्या दिवाळीआधी लावला तेव्हा डोक्याची अशी आग झाली की रात्रभर ओला पंचा गुंडाळून बसावं लागलं. सकाळी कानामागे पुरळ आणि पापण्या सुजलेल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी कारण सांगितलं: पीपीडी. केस काळे करणाऱ्या बहुतेक पक्क्या रंगांमध्ये हे रसायन असतं. वर्षानुवर्षं वापरूनही त्याची ॲलर्जी एखाद्या दिवशी अचानक येऊ शकते, आणि एकदा आली की सहसा जन्मभर राहते.

माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. पण त्यानंतरची दोन वर्षं कशी काढायची हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. कलप सोडायचा विचार मनात घोळत असेल, तर मला तेव्हा जे हवं होतं ते इथे लिहिते आहे.

आधी वयाचा विचार

पंचेचाळिशी-पन्नाशीत केस पिकणं हा शरीराचा क्रम आहे. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या थकल्या की त्या मुळातून पुढे पांढरा केस उगवतो. आधीच वाढून बाहेर आलेला काळा केस मधूनच पांढरा होत नाही. एक उपटला की दहा येतात, हेही खरं नाही, कारण प्रत्येक मूळ स्वतंत्र असतं. तरी उपटू नका. वारंवार उपटल्यानं ते मूळच खराब होतं.

वय पंचविशीच्या आत असेल किंवा केस फार झपाट्यानं पिकत असतील, तर कलप सोडायचा की लावायचा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. बी-१२, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. पुष्कळदा मात्र कारण आनुवंशिक असतं. आईचे किंवा वडिलांचे केस कधी पिकले ते आठवून बघा.

लांबीचा हिशेब मांडा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा सेंटीमीटर. हनुवटीपर्यंतचा बॉबकट हवा असेल, तर पूर्ण पांढरा व्हायला पावणेदोन-दोन वर्षं लागतील. खांद्याखाली रुळणाऱ्या केसांना तीन. कमरेपर्यंतच्या वेणीला पाच वर्षांहून जास्त. शेवटचा कलप लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चौथ्या महिन्यात आरशासमोर धीर सुटतो, तेव्हा ही तारीख उपयोगी पडते.

मार्ग निवडा

सगळ्यात जलद मार्ग कात्रीचा. सहा महिने कलप बंद ठेवायचा आणि मुळाशी सहा-सात सेंटीमीटर वाढ दिसली की अगदी बारीक कापून घ्यायचे. ज्यांना आखूड केस शोभतात आणि आवडतात त्यांनी दुसरा विचार करू नये.

दुसरा मार्ग पार्लरमधला. काळ्या भागात मधूनमधून बारीक फिकट बटा काढून घ्यायच्या, म्हणजे पांढरी मुळं आणि काळे शेंडे यांच्यातली ठळक रेघ पुसट होते. यात खर्च आहे आणि ब्लीचनं केस कोरडे पडतात. तुम्ही मेंदी लावत असाल तर पार्लरमध्ये गेल्या गेल्या ते सांगा. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो आणि सहजी निघत नाही. त्यातून ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पाकिटं असतील तर जास्त जपा. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरीच असतो. ती काळी होते निळीच्या झाडाच्या पानांची पूड घातल्यामुळे, नाहीतर त्याच पीपीडीमुळे. काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात, आणि त्यावर ब्लीच पडलं तर केस तापून तुटू शकतात. म्हणून आधी चार केस कापून त्यांच्यावर करून बघायला सांगा.

तिसरा मार्ग माझा: काही न करता वाढू द्यायचे आणि दर दोन महिन्यांनी खालून दोन बोटं कापत जायचे. यात वेळ सर्वात जास्त जातो, पण केसांना इजा सर्वात कमी.

मधले महिने

हे सगळं सोडून पुन्हा कलप लावण्याची इच्छा तिसऱ्या ते आठव्या महिन्यात होते. भांगात पांढरा पट्टा, खाली विटलेला तपकिरी-काळा रंग. ज्यांना ‘तब्येत बरी नाही का?’ असं विचारायचं असतं, ते याच काळात विचारतात.

सरळ भांग पाडू नका. कंगव्याच्या टोकानं नागमोडी भांग पाडला की पट्टा दिसत नाही. केस लांब असतील तर अंबाडा घाला, नाहीतर सैल वेणी. वेणीत दोन रंग गुंफले जातात आणि ते मुद्दाम केल्यासारखं छान दिसतं. पुढे कपाळाशीच पांढरं जास्त असेल तर ती बट लपवू नका, मोकळी मागे वळवा. इंदिरा गांधींची पांढरी बट साऱ्या देशाच्या ओळखीची होती. एखाद्या कार्याला जायचंच असेल तर मुळांवर लावायची, धुतली की जाणारी पावडर मिळते. तिच्यावर माझं काम भागलं.

लोकांच्या बोलण्याची तयारी मात्र वेगळी करावी लागते. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “अगं, अजून मुलीचं लग्न व्हायचंय, आत्ताच का?” त्यांच्या बोलण्यात काळजी होती. बाईनं केसांकडे दुर्लक्ष केलं म्हणजे तिनं संसारातून मन काढून घेतलं, असं त्यांच्या पिढीनं पाहिलेलं होतं. मी त्यांना पुरळाचे डाग दाखवले आणि म्हटलं, “आई, केस रोज विंचरते, तेल लावते, फक्त रंग नाही लावत.” लांबच्या माणसांना एवढं समजावत बसायची गरज नाही. ‘मला असेच आवडतात’ हे एक वाक्य पुरतं, ते हसून म्हणायचं आणि विषय बदलायचा. मंडईत कुणी ताईऐवजी आजी म्हणालं तर पहिल्या वेळी लागतं. मलाही लागलं होतं. पण त्याच वयाच्या आपल्या भावाला पांढऱ्या केसांबद्दल कुणी कधी काही विचारलेलं नसतं. हे मला पटायला वर्ष गेलं, आणि पटल्यावर बोलणी लागेनाशी झाली.

धुणं आणि तेल

पांढरे केस बहुधा राठ आणि कोरडे लागतात. वयाबरोबर डोक्याच्या त्वचेतून सुटणारं तेल कमी होतं, हेही त्याचं एक कारण. त्यामुळे रोज शाम्पू नको. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू आणि प्रत्येक वेळी कंडिशनर, तोही मुळांना न लावता निम्म्या केसांपासून खाली.

तेल खोबरेल. आपल्या आज्या लावायच्या तेच. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. फक्त एक बदल करा: तेल नहाण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी लावा आणि धुऊन टाका. तेलकट राहिलेल्या पांढऱ्या केसांवर धूळ बसते आणि ते मळकट दिसतात. मोहरीचं पिवळं तेल आणि हिरवा रंग घातलेली आवळा-माक्याची तेलं टाळा, त्यांची छटा पांढऱ्यावर उमटते. लोखंडी कढईत आवळा भिजवून लावायची रीत तर केस काळे करण्यासाठीच आहे, ती आता विसरा.

पिवळेपणा

पांढऱ्या केसांची खरी तक्रार ही. शुभ्र दिसायला हवेत ते जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट दिसू लागतात. कारणं ऊन, तंबाखूचा धूर, स्ट्रेटनरची उष्णता आणि बोअरचं जड पाणी. पाण्यातलं लोह आणि इतर क्षार केसांवर बसतात.

घरी बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या, गाळलेल्या पाण्याचे घ्या. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. उन्हात जाताना पदर, ओढणी किंवा स्कार्फ डोक्यावर हवाच, कारण केसातला रंग उन्हापासून जे थोडं संरक्षण द्यायचा तेही आता नाही. ‘हे केस उन्हानं पांढरे झालेले नाहीत’ असं आपण म्हणतो ते खरंच, पण उन्हानं पिवळे नक्की होतात.

एवढं करूनही पिवळट झाक राहिली तर जांभळा शाम्पू. रंगचक्रात जांभळा पिवळ्याच्या समोर येतो, म्हणून तो पिवळी छटा झाकतो. ओल्या केसांवर दोन-तीन मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. आठवड्यातून एकदा, किंवा दहा दिवसांनी. रोज वापरला तर केस कोरडे होतात आणि जांभळट दिसतात. पहिल्यांदा मी दहा मिनिटं ठेवला होता. जांभळी झाक जायला चार नहाणी लागली.

रंग आणि फुलं

चेहऱ्याभोवतीचा काळा रंग गेला की कपाटातले काही कपडे अचानक फिके वाटू लागतात. माझ्या बदामी आणि राखाडी साड्या मागे गेल्या. मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी आणि गडद जांभळा पुढे आले. भुवया पिकल्या असतील तर तपकिरी पेन्सिलीचा हलका हात फिरवा, टिकली थोडी मोठी लावा.

मोगऱ्याचा गजरा पांढऱ्या अंबाड्यावर दिसतच नाही, नुसता वास येतो. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात माझ्यासाठी आणलेला गजरा मी सासूबाईंना दिला आणि फुलवाल्याकडून अबोलीचा मागवला. चंदेरी केसांवर अबोली इतकी उठून दिसते की एकदा माळून बघाच.